‘एटीसी कंजेशनमुळे उशीर’ हे वाक्य आता बंद करा

माहीमची_खाडी (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात नागपूरहून मुंबईला येत होतो. दारं लागली, पट्टे बांधले आणि विमान पन्नास मिनिटं जागच्या जागी. कॅप्टन म्हणाले, “मुंबई एटीसीने अजून वेळ दिलेली नाही.” (एटीसी म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण; टॉवरमध्ये बसून विमानांना चढा-उतरायची परवानगी देणारे कंट्रोलर.) मागच्या रांगेतले एक काका लगेच म्हणाले, “सरकारी खातं, दुसरं काय!” आणि आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. उतरल्यावर कंपनीचा मेसेज आला : एटीसी कंजेशनमुळे झालेल्या उशिराबद्दल दिलगीर आहोत.

काकांशी तिथेच भांडायचं होतं, पण पट्टा बांधलेला होता. म्हणून इथे भांडतो.

माझं म्हणणं असं की मुंबईचा उशीर टॉवरमध्ये तयार होत नाही. तो काही महिने आधी, वेळापत्रक ठरवणाऱ्यांच्या टेबलावर तयार होतो. मुंबईला धावपट्ट्या दोन आहेत, पण एकमेकींना छेदणाऱ्या, म्हणजे एका वेळी वापरात एकच. तिच्यावर गर्दीच्या तासाला ४६ विमानं चढायची-उतरायची. ३६०० सेकंदांना ४६ ने भागा. दर ७८ सेकंदांना एक, तासन् तास. कोणी धावपट्टीवरून बाहेर पडायला पंधरा सेकंद जास्त घेतले, पक्षी आदळला, सर आली, की मागची सगळी माळ विस्कटते.

हे माझ्या मनचं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये नागरी उड्डाण मंत्रालयानेच सांगितलं की मुंबईवर विमानं ४० ते ६० मिनिटं घिरट्या घालतायत आणि चाळीस मिनिटांत एकेका विमानाचं साधारण १.७ किलोलिटर इंधन हवेत जातंय. कारणंही दिली : विमानतळ चालवणाऱ्यांनी वेळा खचाखच वाटल्या, विमान कंपन्या मिळालेली वेळ पाळत नाहीत, आणि वर ऐन गर्दीत खासगी जेट येतात. तेव्हा गर्दीच्या तासांत ४६ चे ४४ केले, इतर वेळी ४४ चे ४२. नीट वाचा, या यादीत कंट्रोलर कुठेच नाही.

माझ्या मते ४४ चे ४० करावेत. तासाला साडेपाच मिनिटं मोकळी मिळतील, विस्कटलेली माळ पुन्हा ओवता येईल. आणि हो, नागपूरला जमिनीवर थांबवलं तेही बरोबरच. मुंबईवर इंधन जाळत फिरण्यापेक्षा जमिनीवर एसीत बसलेलं काय वाईट?

सीताबर्डी_मेल

एसी बंद होता. मीही बसलोय असा, मे महिन्यात. तेव्हा ‘काय वाईट’ हे नागपूरकरांना विचारू नका.

आता मुद्दा. ४४ चे ४० करा म्हणणं माहीममध्ये बसून सोपं आहे. ते चार कोणाचे जाणार? दिल्ली-मुंबईचे? शक्यच नाही, तो मार्ग म्हणजे सोन्याची कोंबडी. जाणार जळगाव, कोल्हापूर, संभाजीनगर, नाहीतर आमचं सकाळचं विमान. मुंबईत मंत्रालय, मुंबईत हायकोर्टाचं मुख्य पीठ, मुंबईत टाटा हॉस्पिटल. आम्ही यायचं कसं? रात्रभर रेल्वेने?

दुसरं म्हणजे लंडनचं गॅटविक. रोजच्या वापराला तिथेही एकच धावपट्टी, तासाला ५५ विमानं. ३६०० ला ५५ ने भागा, ६५ सेकंद येतात. त्यांना जमतं आणि आपल्याला ४४ मध्ये धाप लागते? क्षमता वाढवा ना. दुकानात गर्दी झाली तर आपण गल्ला वाढवतो, शटर नाही ओढत.

टॉवरवरून_उतरलेला

बरीच वर्षं हे काम केलं, आता निवृत्त. कुठल्या शहरात ते सांगत नाही. गॅटविकचं उदाहरण दर सहा महिन्यांनी कोणीतरी आणतंच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उतरणाऱ्या दोन विमानांत रडारवर किमान तीन नॉटिकल मैल ठेवायचे. शेवटच्या टप्प्यात विमानाचा वेग साधारण १४० नॉट (तासाला तेवढे नॉटिकल मैल), म्हणजे तीन मैलांना ७७ सेकंद. हे झालं सारख्या आकाराच्या विमानांचं. पुढे बोइंग ७७७ असेल आणि मागे एअरबस ३२०, तर मोठ्याच्या पंखांमागे हवेचे भोवरे सुटतात, म्हणून अंतर पाच मैल. झाली दोन मिनिटं. मध्ये एखादं एटीआर (पंख्याचं छोटं विमान) आलं की त्याचा वेगच कमी, मागच्याला आवरून धरावं लागतं. शिवाय या सगळ्या उतरणाऱ्यांच्या फटीत चढणारी विमानं बसवायची. गॅटविकला बहुतेक विमानं एका साच्यातली. मुंबईला लग्नाच्या वरातीसारखं आहे : घोडा, बँड, जीप आणि मध्येच एखादी रिक्षा.

आणि गॅटविकलाही फुकट जमत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये टॉवरमधली माणसं आजारी पडली, तर आठवडाभर दिवसाला ८०० उड्डाणांची मर्यादा घालावी लागली. ताणलेली दोरी तिथेही तुटते.

आता धागाकर्त्यांनाही दोन शब्द. कंट्रोलर यादीत नाही म्हणून टॉवरमध्ये सगळं आलबेल आहे असं समजू नका. माणसं कमी आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने हेच लिहिलं, थकव्याबद्दलही लिहिलं. प्रयागराज, हैदराबाद किंवा आपल्या गोंदियाच्या केंद्रातून मुलगा शिकून बाहेर पडला की लगेच मुंबईच्या अ‍ॅप्रोचला बसत नाही. अ‍ॅप्रोच म्हणजे उतरायला येणाऱ्या विमानांना रांगेत लावणारा विभाग. प्रत्येक युनिटचं रेटिंग, म्हणजे तिथे काम करायची पात्रता, वेगळं. जुन्या माणसाच्या शेजारी बसून महिनोन् महिने शिकायचं, परीक्षा द्यायची. बदली झाली की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे आज जाहिरात काढली म्हणजे पुढच्या दिवाळीला क्षमता वाढली, असं होत नाही.

८ जून २०२४ आठवतंय का? मुंबईत एक विमान उडत असताना त्याच धावपट्टीवर मागून दुसरं उतरलं, व्हिडिओ सगळीकडे फिरला. कंट्रोलरला ड्यूटीवरून काढलं. ७८ सेकंदांचं गणित कोणी मांडलं होतं, ते कोणी विचारलं नाही.

हिशेबनीस

आदर ठेवून असहमत. दोघेही यंत्रणेची पाठराखण करताय.

६-७ नोव्हेंबर २०२५ ला दिल्लीत काय झालं? धावपट्ट्या चार, हवा ठीक, विमानं तयार. संदेश पोहोचवणारी एएमएसएस ही यंत्रणा बसली. फ्लाइट प्लॅन कंट्रोलरच्या पडद्यावर आपोआप येईनात, हाताने भरावे लागले. आठशेवर उड्डाणं रखडली. हाही वेळापत्रकवाल्यांचा दोष का? यंत्रणा जुनी झाली आहे हे कंट्रोलरांच्या गिल्डने (संघटनेने) आधीच सांगितलं होतं. म्हणजे कळत होतं, वळत नव्हतं.

उपाय : विमानतळ प्राधिकरणातून हवाई दिशादर्शन वेगळं काढा. कॅनडाने १९९६ मध्ये केलं. नफा न कमावणारी स्वतंत्र कंपनी, विमान कंपन्यांकडून शुल्क घेते, त्यातूनच यंत्रं आणि माणसं आणते. आपल्याकडे फाइल फिरते.

टॉवरवरून_उतरलेला

@हिशेबनीस, फाइल फिरते हे मान्य, त्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. पण कंपनी केली की यंत्रणा बसत नाही? ब्रिटनने २००१ मध्येच खासगी भागीदारी आणली. २८ ऑगस्ट २०२३ ला एकाच फ्लाइट प्लॅनने सगळं बंद पाडलं. त्यात दोन ठिकाणांचं सांकेतिक नाव एकच होतं, सॉफ्टवेअर गोंधळलं, आणि त्याच्या जोडीचं राखीव सॉफ्टवेअरही त्याच प्लॅनवर तसंच गोंधळलं. सात लाखांवर प्रवासी अडकले. दिल्लीत निदान हाताने भरून विमानं सोडली.

तुमच्या दिल्लीच्या मुद्द्याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. ते चुकलंच.

लोहगावची_आत्या

मुंबईकरांचं रडगाणं ऐकून हसू येतं. आमच्याकडे या, पुण्यात. धावपट्टी हवाई दलाची, एटीसी हवाई दलाचं, त्यांच्या सरावातून उरलेल्या वेळात आपण. गोव्यात दाबोळीला तेच, फक्त मालक नौदल. कामाच्या दिवशी सकाळचे काही तास नागरी विमानांना बंदच. मोपाचं नवं विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झालं तेव्हा उत्तर गोव्याने सुटकेचा श्वास टाकला.

आणि वरच्या आकाशाचंही तसंच. मे २०२० मध्ये अर्थमंत्र्यांनीच सांगितलं होतं की देशाचं फक्त ६० टक्के आकाश नागरी विमानांना मोकळेपणी मिळतं, आणि बाकीचं वापरता आलं तर वर्षाला हजार कोटी वाचतील. मग ४४ की ४० हा वाद घालण्याआधी ते आकाश मागा की.

माहीमची_खाडी

आत्या, सरळ मार्ग मिळाले तर विमान लवकर पोहोचेल. कुठे? मुंबईच्या रांगेच्या शेपटीला. एक्सप्रेस-वे आठ पदरी केला तरी सायनला काय होतं ते आपण बघतोच.

उलट आकाश आता आणखी आवळलंय. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने हद्द बंद केली. दिल्लीहून पश्चिमेला जाणारी विमानं वळसा घेऊन गुजरात आणि अरबी समुद्रावरून जातात, तो भार मुंबईच्या विभागावर.

एडिसनचा_पाटील

न्यू जर्सीहून. आमचं नेवार्क विमानतळ हे तुमच्या सगळ्यांच्या वादाचं एकत्र कडबोळं आहे. २८ एप्रिल २०२५ ला कंट्रोलरांचं रडार आणि रेडिओ जवळपास दीड मिनिट गेले. विमानं आकाशात, पडदा काळा. त्या धक्क्याने काही जण रजेवर गेले, आधीच माणसं तुटपुंजी. मग दोन-तीन आठवडे माझ्यासारखे लोक विमानतळाच्या खुर्च्यांवर झोपले. शेवटी एफएएने (अमेरिकेच्या सरकारी विमान वाहतूक खात्याने) काय केलं? धागाकर्ते म्हणतायत तेच. आधी आणखी खाली आणून नंतर तासाला ३४ उतरणारी आणि ३४ चढणारी, एवढीच मर्यादा. त्यानंतर फरक पडला, मी महिन्यातून दोनदा उडतो म्हणून सांगतो.

पण सीताबर्डीवाल्यांचं भाकीतही आमच्याकडे खरं झालेलं पाहिलंय. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारी कामकाज ठप्प होतं, कंट्रोलर बिनपगारी राबत होते, तेव्हा चाळीस विमानतळांवरची उड्डाणं कापली. आमच्या गावातल्यांची आधी गेली ती छोट्या शहरांची विमानं. लंडनचं विमान मात्र उडालंच.

सीताबर्डी_मेल

बघा! पाटील साहेबांनी माझंच म्हणणं मांडलं. आणि तो ‘माणसं कमी’चा मुद्दा घ्या. अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी १९८१ मध्ये संपावरचे अकरा हजारांवर कंट्रोलर एका फटक्यात काढले, त्यांची भरपाई करायला अमेरिकेला कितीतरी वर्षं लागली. मग आपण आजपासून दुप्पट भरती का करत नाही? नवी मुंबईही आता सुरू झाली, २५ डिसेंबर २०२५ पासून. दोन विमानतळ, दोन धावपट्ट्या. कापायची भाषा कशाला?

टॉवरवरून_उतरलेला

धावपट्ट्या वाढल्या, आकाश तेवढंच. दोन्ही विमानतळांत सरळ रेषेत फार अंतर नाही. एकाकडे उतरणारं दुसऱ्यावरून चढणाऱ्याच्या वाटेत येऊ नये म्हणून उंची आणि वळणं आधी बांधून द्यावी लागतात, आणि दोन्हींकडे पाहणाऱ्यांचा मेळ लागतो. फायदा नक्की होईल, पण एक अधिक एक बरोबर दोन नाही. दीड म्हणा. तेही माणसं पुरेशी असली तर.

भरती दुप्पट करा, मी पेढे वाटेन. फक्त शिकवणारेही आमच्यातूनच लागतात. शिकवायला बसवलेला माणूस त्या वेळी मोकळा नसतो. विहीर खणायला घेतली की पाणी लगेच कमीच मिळतं.

चरखी दादरीला १९९६ मध्ये दोन विमानं हवेत एकमेकांवर आदळून ३४९ माणसं गेली. त्यानंतर दिल्लीच्या येण्या-जाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या, विमानांत टक्कर टाळणारी यंत्रं सक्तीची झाली. आमच्या पिढीने त्या अपघाताच्या सावलीत नोकरी केली. ‘दोन विमानं अजून घुसव’ असं वरून कोणी म्हटलं की पोटात गोळा येतो, तो त्यामुळे.

हिशेबनीस

भावना समजतात, पण प्रश्न कोणाला कापायचं हाच राहतो. मी सुचवतो, पैशाने ठरवा. ऐन गर्दीत उतरायचं तर भरपूर शुल्क लावा. आज उलट आहे. ८० पेक्षा कमी आसनांच्या देशांतर्गत विमानांना लँडिंग शुल्क माफ असं जुनं धोरण. सत्तर माणसांचं एटीआर आणि दोनशेवर माणसांचं एअरबस, धावपट्टी दोघेही सारखीच अडवतात. छोट्याने फुकट अडवायची, हा कुठला न्याय?

सीताबर्डी_मेल

आला, आला मुद्द्यावर! छोट्यांना मारा. त्या सत्तर जणांत केमोला जाणारा एखादा असतो, हे तुमच्या हिशेबात कुठल्या रकान्यात? आणि एका उद्योगपतीचं जेट चार माणसं घेऊन तीच धावपट्टी अडवतं, त्याबद्दल अवाक्षर नाही.

माहीमची_खाडी

सीताबर्डी, इथे तुमचं मान्य करतो. मूळ लेखात ‘४४ चे ४०’ एवढंच लिहिलं, कोणाचे चार ते लिहिलं नाही, ती पळवाट होती. आता लिहितो : आधी खासगी जेट, गर्दीच्या तासांतून पूर्ण बाहेर, नवी मुंबईला पाठवा. मग एकाच कंपनीची एकाच मोठ्या शहराला अर्ध्या-अर्ध्या तासाने जाणारी विमानं, त्यांतली दोन मिळून एक मोठं करा. जळगाव-कोल्हापूरला हात लावायचा नाही.

पण चाळीसवर मी ठाम आहे. आणि कंपन्यांनी ‘एटीसी कंजेशन’ असा मोघम मेसेज न पाठवता कारण फोडून सांगावं : धावपट्टी, हवामान, यंत्रणा, की आमचंच विमान उशिरा आलं. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली ती वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांसाठी तयारी कमी पडली म्हणून. त्या आठवड्यातही माझ्या ओळखीतले दोघे एटीसीला शिव्या देत होते.

सीताबर्डी_मेल

जेट बाहेर, हे चालेल. चाळीस नाही, बेचाळीस. आणि जमिनीवर थांबवाल तेव्हा एसी चालू.

टॉवरवरून_उतरलेला

एसी आमच्या हातात नाही हो. तो कॅप्टनला सांगा.