मदत हवी आहे: सिव्हिल ग्रँड ज्युरी मराठीत कशी समजावू?

मी कॅलिफोर्नियात राहते. पुढच्या महिन्यात इथल्या मराठी मंडळींसमोर काउंटीच्या (म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या) सिव्हिल ग्रँड ज्युरीवर २० मिनिटं बोलायचं आहे.

ज्युरी म्हटलं की सगळ्यांना आठवतो तो १९५९चा नानावटी खटला. दोषी की निर्दोष, बस्स! ही ज्युरी निराळी. बहुतेक काउंट्यांत १९ नागरिक (लॉस एंजेलिसमध्ये २३) वर्षभर स्थानिक कारभार तपासतात, तुरुंगांची पाहणी करतात, अहवाल काढतात. त्यावर निवडून आलेल्या अधिकाऱ्यांना ६० आणि नगर परिषदेसारख्या मंडळांना ९० दिवसांत लेखी उत्तर द्यावंच लागतं. शिफारस मानण्याची सक्ती मात्र नाही.

काउंटीचं माहितीपत्रक वाटून पाहिलं, कुणी उघडलंही नाही. 'कॅग'ची उपमा दिली तर "म्हणजे सरकारी ऑडिटरच की" असं उत्तर आलं, आणि हे काम तुमच्याआमच्यासारखी माणसं करतात हा मुद्दाच हरवला. ग्रामसभा म्हणावं तर ती सगळ्यांसमोर भरते, इथे सगळी चौकशी गुप्त. त्यामुळे ज्युरीतल्या कुणाला बोलवा, हा सल्लाही फारसा उपयोगाचा नाही. आतलं काही त्यांना सांगता येत नाही.

श्रोत्यांत निम्मे ग्रीनकार्डवाले. ज्युरीत बसायला नागरिकत्व आणि काउंटीत वर्षभराचं वास्तव्य लागतं, तेव्हा नुसतं "अर्ज करा" म्हणून भागणार नाही. स्लाइड्स नकोत, जेवणानंतरची वेळ आहे!

आपल्याकडची कोणती उपमा इथे चपखल बसेल? आणि २० मिनिटांत लोकांकडूनच करून घेता येईल असा एखादा प्रयोग कुणी केला आहे का?