‘बिंज’ला मराठीत काय म्हणावं? ‘पारायण’ चालेल का?

पानगळ: एका कथेचा अनुवाद करतेय. आई गेल्यावर दोघी बहिणी तीन दिवस पडदे ओढून घरात बसतात आणि एक जुनी मालिका पहिल्या भागापासून शेवटपर्यंत बघून काढतात. मूळ वाक्यात त्यासाठी एकच क्रियापद आहे, बिंज. मी लिहिलं, ‘तीन दिवस आम्ही त्या मालिकेचं पारायण केलं.’ संपादकांनी ते खोडून ‘अधाशासारखी मालिका बघितली’ केलं. मला ते टोचतंय. त्या अधाशी नाहीत हो. भाग संपला की घर शांत होतं, ते त्यांना सोसत नाही. पारायण खरंच चुकलं का?

कोशवाला: चुकलं नाही. पार अधिक अयन, पलीकडच्या काठापर्यंत जाणं. मधलं काही न गाळता शेवट गाठायचा. तेवढं जुळतं. पण बोलण्यात त्याला ‘पुन्हा पुन्हा’ची छटा आली आहे. ‘त्या पुस्तकाची मी पारायणं केलीत’ यातून एकदाच वाचलं असं कुणी समजत नाही. शिवाय पारायणाला नेम असतो, आज इतकं, उद्या इतकं. इथे तर नेमच मोडलेला.

रात्रपाळी: मला संपादकांचं पटतं. हा शब्द आधी दारूला लागला, मग खाण्याला, मग पडद्याला. त्यात ‘अति’ आहेच. आणि पडद्यापुरता तो ताजा आहे. फेब्रुवारी २०१३मध्ये नेटफ्लिक्सने एका मालिकेचे तेराही भाग एकाच दिवशी खुले केले, २०१५ साली कॉलिन्स कोशाने ‘बिंज-वॉच’ हा वर्षाचा शब्द ठरवला. त्याला पोथीचा शब्द कशाला? ‘फडशा पाडला’ म्हणा.

कोशवाला: फडशा म्हणजे निकाल. पूर्वी तंट्याचाही फडशा व्हायचा. त्यात संपवून टाकण्याचा जोर आहे, आणि या बहिणींना तर मालिका संपायलाच नकोय.

ओलीपाटी: बिंजचं मूळ कुणी बघितलं का? इंग्लंडातल्या नॉर्थॅम्प्टनशरच्या बोलीतला शब्द, १८५४च्या बोलीकोशात आहे. लाकडी भांडं पाण्यात भिजत ठेवणं म्हणजे बिंज. तिथून माणूस दारूत भिजायला लागला. बिंज आणि भिज शेजारी ठेवून म्हणून बघा. मला तर एकाच कुळातले वाटतात.

कोशवाला: नुसत्या उच्चारावरून कूळ ठरत नाही. मधली रूपं दाखवा.

ओलीपाटी: रूपं नाहीत माझ्याकडे. पण ‘तीन दिवस त्या मालिकेत भिजत पडलो’ हे वाक्य लावून बघा की.

उंबरठा: तुम्ही सगळे नाम शोधताय, म्हणून अडलाय. मराठी हे काम सहायक क्रियापदावर सोपवते. बघत बसलो, बघत राहिलो, बघत सुटलो. ‘बसलो’त वेळ वाया गेल्याची बोच आहे. ‘सुटलो’त लगाम गेलेला आहे, जसं खात सुटला, बोलत सुटला, खर्च करत सुटला. ‘राहिलो’त दोन्ही नाही, फक्त थांबता आलं नाही एवढंच.

माझा पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हाची गोष्ट. भाग संपला की पडद्याच्या कोपऱ्यात आकडे उतरायचे, पाच, चार, तीन. रिमोट उशीशीच असायचा, पण हात उचलेपर्यंत पुढचा भाग सुरू. पहाटे कधीतरी पाटी यायची, ‘अजून बघताय का?’ त्या रात्रींबद्दल ‘मी बघितलं’ म्हणणं मला खोटं वाटतं. ‘माझ्याकडून बघितलं गेलं’ हे खरं.

पानगळताई, ‘तीन दिवस आम्ही नुसत्या बघत राहिलो’ असं करा.

स्वभाषा: प्रत्येक वेळी अशी कसरत करणार का? एक शब्द घडवा आणि वापरा. ‘सलगदर्शन’ घ्या. महापौर, दिनांक, दिग्दर्शक हे सावरकरांनी घडवलेलेच शब्द ना?

रात्रपाळी: दिनांक अर्जाअर्जावर छापला गेला म्हणून रुळला. सलगदर्शन कुठे छापणार? माझी भाची ‘काल मालिका बिंज केली’ म्हणते आणि घरात सगळ्यांना कळतं.

स्वभाषा: ‘केली’? बिंज स्त्रीलिंगी कधी झाली?

उंबरठा: ती ‘केली’ मालिकेची आहे, बिंजची नाही. मालिका बिंज केली, सीझन बिंज केला, सगळे भाग बिंज केले. शब्द परका असला तरी चालतोय मराठी व्याकरणाने.

रात्रपाळी: नाही, आमच्याकडे ‘मोठी बिंज झाली’ असंही म्हणतात. मग ती स्त्रीलिंगीच.

स्वभाषा: आणि सीझन कशाला? पर्व म्हणा.

कोशवाला: पर्व उत्तम. मुळात वेळूचं पेर, सांधा. एक पेर संपतं तिथेच दुसरं सुरू होतं.

पानगळ: ‘बघत राहिलो’ बरंच जवळ आलंय, आभार. पण वाक्य मोठ्या बहिणीच्या तोंडी आहे आणि ती शिक्षिका आहे. ती ‘बघत’ म्हणेल की ‘पाहत’?

स्वभाषा: पाहत. लेखनात पाहतच.

ओलीपाटी: अजिबात नाही. पाहायला लक्ष लागतं, आणि आई जाऊन तीन दिवस झालेत. ती बघतच असणार. माझ्या ‘भिजत पडलो’चं कुणीच काही बोललं नाही.