अनुभव धागा: म्यूर वूड्स आणि वाइन कंट्री, एका दिवसाची गाइडेड टूर

सायली_के
मागच्या शनिवारी आईबाबांना घेऊन सॅन फ्रान्सिस्कोहून म्यूर वूड्स (उंच रेडवूड झाडांचं जंगल) आणि सोनोमा-नापा (द्राक्षमळ्यांचा भाग, म्हणजेच वाइन कंट्री) अशी एका दिवसाची टूर केली. अजून चुटपुट लागून राहिली आहे, म्हणून हा धागा काढतेय. ज्यांनी अशी टूर केलीय त्यांनी लिहा, अनुभव चांगला असेल तरीही लिहा.

बाबांनी पुण्याहून निघायच्या आधीच सगळं वाचून ठेवलं होतं. विल्यम केंट या व्यावसायिकाने १९०५ साली ४५,००० डॉलर मोजून हे जंगल घेतलं. पाणी कंपनी ओढ्यावर धरण बांधायला निघाली, तेव्हा त्याने २९५ एकर सरकारला देऊन टाकले. १९०८ मध्ये ते राष्ट्रीय स्मारक झालं, पण नाव त्याने स्वतःचं लावू दिलं नाही, निसर्गप्रेमी लेखक जॉन म्यूरचं द्यायला लावलं. आणि मे १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या स्थापनेसाठी जमलेले प्रतिनिधी फ्रँकलिन रूझवेल्टना श्रद्धांजली वाहायला इथल्या कॅथेड्रल ग्रोव्ह या राईत आले होते. बाबांना ती जागा बघायची होती.

बसमधून उतरताना गाइड म्हणाला, "५० मिनिटांत परत." रांग आणि स्वच्छतागृह यात १५ मिनिटं गेली. बाबांचा गुडघा दुखतो, त्यामुळे चाल हळू. पहिल्या पुलाच्या जरा पुढे गेलो आणि मला घड्याळ बघावं लागलं. बाबा काही बोलले नाहीत. एका रेडवूडच्या सालीवर तळहात टेकवून थोडा वेळ उभे राहिले, मग म्हणाले, "चल, बस चुकायला नको." त्यानंतर तीन वाइनरींत मिळून साडेतीन तास काढले. जाहिरातीत जंगलाचं नाव आधी होतं हो!

मुक्ता
वाचून वाईट वाटलं गं. आमच्या वेळी वळणांनी जीव काढला. हायवे सोडल्यापासून जंगलापर्यंत रस्ता सारखा वळतो, आणि आम्हाला बसवलं सगळ्यात मागे. लेकीला दोनदा उलटी झाली. आधी कोणी एका शब्दाने सांगितलं असतं तर रिकाम्या पोटी आणि गोळी घेऊन निघालो असतो.

द्राक्षवेल
मी वाइनसाठीच गेलो होतो, तरी निराश झालो. १९७६ साली पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी नावं न बघता चव घेतली आणि पांढऱ्या व लाल दोन्ही गटांत नापाची वाइन पहिली आली. त्या मातीत उभं राहून कोणीतरी तिच्याबद्दल बोलेल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात प्रत्येक ठिकाणी चार-पाच घोट आणि लगेच वाइन क्लबचा (नियमित वाइन घ्यायच्या सभासदत्वाचा) फॉर्म पुढे. चव घ्यायचे पैसेही वेगळे, हे तिथे गेल्यावर कळलं.

एकच गोष्ट मनात राहिलीय. फेब्रुवारी होता, वेली नुसत्या काळ्या खुंटांसारख्या, आणि ओळींच्या मधून मोहरी पिवळीधमक फुललेली. मी गाइडला विचारलं, ही मुद्दाम लावतात का? तो म्हणाला, "फोटो छान येतात." पुढे वाचलं की पावसात माती धरून ठेवायला असं पीक राखतात आणि नंतर तेच जमिनीत गाडतात. शेतकऱ्याच्या घरातला माणूस मी, मला ते तिथेच ऐकायचं होतं.

निशिगंध
आमचा अनुभव उलटा आहे, म्हणून लिहिते. आमच्या गाइड बाई जंगलात स्वतः सोबत चालल्या. एवढी उंच झाडं, पण मुळं जेमतेम १०-१२ फूट खोल. ती आडवी लांब पसरतात आणि शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंतून एकमेकांना धरून ठेवतात, हे त्यांनी वाकून दाखवलं. उन्हाळ्यात पाऊस नसताना धुक्याचे थेंब पानांवरून खाली पडतात आणि त्यावर झाडं तगतात. तेवढ्यात माझ्या मानेवर एक थेंब पडला! वाइनरी मात्र एकच होती. बुक करताना विचारा: जंगलात नक्की किती वेळ, आणि गाइड आत येतो की बसपाशी थांबतो?

अभिजित७१
सायली, आईबाबा अजून तिथे असतील तर स्वतः घेऊन जा. २०१८ पासून पार्किंगचं किंवा शटलचं आरक्षण आधी करावं लागतं. ते फोनमध्ये उतरवून ठेव, तिथे नेटवर्क मिळत नाही. सकाळी आठचं घे, गर्दी नसते. मुख्य वाट सपाट आहे, काकांना जमेल. वाइन कंट्री त्याच दिवशी नकोच.

सायली_के
अभिजितदादा, निशिगंध, खूप आभार. बाबांचं परतीचं विमान पुढच्या रविवारी आहे. आत्ताच बुधवारचं सकाळी आठचं पार्किंग मिळालं. बाबांना सांगितलं तर त्यांनी लगेच गुडघ्याचा पट्टा शोधायला घेतला.