महामारीत प्लेटलेट कुठून आणायच्या: शिबिरांतून की ठरलेल्या दात्यांकडून?

तापीकाठ (जळगाव):
मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला आणि कॉलेजं, गणेश मंडळं, कारखाने सगळ्यांची रक्तदान शिबिरं एका फटक्यात बंद पडली. ठरवून करायची ऑपरेशनंही पुढे गेली, रस्त्यावरचे अपघात घटले, म्हणून लाल पेशींचं कसंबसं निभावलं. प्लेटलेटचं तसं नसतं. ब्लड कॅन्सरसाठी केमो चालू असलेल्या पोराला कोण सांगणार, की लॉकडाऊन उठल्यावर ये? लाल पेशींची पिशवी फ्रिजमध्ये 35 ते 42 दिवस टिकते. प्लेटलेट फक्त 5 दिवस, तेही 20 ते 24 अंशांत सतत हलत्या ट्रेवर. साठा करणार कसा?

माझं स्पष्ट मत आहे: शिबिरांवरची भिस्त कमी करा आणि प्रत्येक तालुक्यात एसडीपी (एकाच दात्याकडून मशीनने काढलेल्या प्लेटलेट) दात्यांची यादी तयार ठेवा. मशीनवर एका दात्याकडून मिळणारी पिशवी साध्या रक्तदानातून निघणाऱ्या प्लेटलेटच्या 5-6 पिशव्यांच्या तोडीची असते. दाता 48 तासांनी पुन्हा देऊ शकतो, वर्षात 24 वेळा. संचारबंदीत एका माणसाला पास मिळवून देणं सोपं, की शंभर जणांचा मांडव घालणं?

सातपुडा (धडगाव):
भाऊ, यादी करशील, पण मशीन कुठे आहे? आमच्याकडून घाट उतरून शहर गाठायलाच अर्धा दिवस जातो. बस बंद असताना दाता जाणार कसा? वर मशीनला लागणाऱ्या किटचा खर्च वेगळा, तो मजुराच्या माथी. तुझा उपाय जळगाव-धुळ्याच्या पेशंटचा आहे. आम्हाला शिबिरच परवडतं. गावातल्या शाळेत लहान गट बोलवा, अंतर ठेवा, वेळा वाटून द्या.

रक्तपेढीत काम करते (धुळे):
दादा, शिबिर घ्या, पण त्या रक्तातून प्लेटलेट निघतीलच असं धरू नका. पिशवी 20 ते 24 अंशांत ठेवून 6 ते 8 तासांत सेंट्रीफ्यूजला (गरगर फिरवून रक्ताचे घटक वेगळे करणाऱ्या मशीनला) लागली तरच प्लेटलेट वेगळ्या करता येतात. एकदा बर्फाच्या पेटीत गार केली की प्लेटलेट गेल्या. मे महिन्यात भुसावळकडे पारा 45 वर असताना ही वाहतूक सांभाळणं सोपं नाही.

तापीकाठ, तुमच्या यादीतही अडचण आहे. खुर्चीत तास-दीड तास बसावं लागतं. रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या सायट्रेटमुळे ओठांना मुंग्या येतात, मग आम्ही मशीनचा वेग कमी करून कॅल्शियमची गोळी देतो. पहिल्यांदा आलेला माणूस तिथेच घाबरतो. साथीच्या ऐन धामधुमीत नवखा दाता तयार होत नाही, तो आधीच तयार असावा लागतो. शिवाय 2020-21 मध्ये हीच मशीनं कोविडमधून बरे झालेल्यांचा प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) घेण्यासाठीही लागत होती. मे 2021 मध्ये केंद्राने प्लाझ्माचा उपचार कोविडच्या सूचनांतून काढला, तेव्हा तो ताण सरला. लसीनंतरही आधी 28 दिवस रक्तदान बंद होतं, मे 2021 मध्ये ते 14 दिवसांवर आलं. तरुण दात्यांचं लसीकरण तेव्हाच सुरू झालं होतं.

नाना (चोपडा):
सगळेच पुरवठ्याचं बोलता. पावसाळ्यानंतर डेंग्यूत काय चालतं ते बघा. प्लेटलेटचा आकडा 40,000 दिसला की नातेवाईक पिशवीसाठी धावत सुटतात. रक्तस्राव नसेल तर 10,000 च्या खाली गेल्यावरच प्लेटलेटचा विचार करावा, असं केंद्राच्या सूचना सांगतात. साथीत विनाकारण चढवलेली पिशवी त्या केमोच्या पोराच्या हातची जाते.

तापीकाठ:
नानांचं सोळा आणे खरं. पण कॅन्सरच्या पेशंटची गरज खरीच असते, ती डेंग्यूच्या शिस्तीने कमी होत नाही. ताई, नवखा दाता घाबरतो म्हणूनच तर यादी आत्ता हवी. साथ नसताना प्रत्येकाने एकदा तरी मशीनवर बसून यावं. धडगावची अडचण मात्र मान्य, तिथे यादीने भागणार नाही.

सातपुडा:
मग आमच्यासाठी गाडी मागा. तापमान राखणारी पेटी आणि नंदुरबारपर्यंत ठरलेल्या वेळेची फेरी, संचारबंदीतही चालणारी. ती मिळाली तर शिबिराचं रक्त वेळेत पोहोचेल. ती नसेल तर तुमची यादी आणि आमचं शिबिर दोन्ही घाटातच अडकणार.

रक्तपेढीत काम करते:
गाडीची मागणी लेखी द्या, मी सही करते. आणि तापीकाठ, जळगावातल्या दात्यांची नावं रक्तगटासह गोळा करायला घ्या. दात्याने आधीचे तीन दिवस ॲस्पिरिन घेतलेली नसावी, हे फॉर्मवर ठळक छापा.