व्हेलच्या डोक्यावर ड्रोन नेऊन नक्की काय कळतं?

निवांत_पाटील:
मंडळी, एक बावळट प्रश्न. काल झोप येत नव्हती म्हणून फोन चाळत पडलो होतो तर एक व्हिडिओ आला, व्हेल वर येतो, फुस्स करून फवारा सोडतो आणि नेमका त्या फवाऱ्यातून एक ड्रोन जातो, ड्रोनवर डब्याच्या झाकणांसारख्या चकत्या चिकटवलेल्या. खाली लिहिलंय व्हेलच्या शेंबडावरून हेल्थ चेकअप. आपल्या बातम्यांत व्हेल म्हटलं की फक्त उलटी, अमुक कोटींची उलटी जप्त, आता हा शेंबूड कुठून आला? बायको म्हणते लोकांकडे पैसे जास्त झालेत. पण सिरियसली विचारतोय, एवढ्या धुडाची तब्येत वरून कळते? आणि त्याला त्रास नाही का होत, लग्नात ड्रोन डोक्यावर आला की आपल्यालाच वैताग येतो.

बॉस्टनची_माई:
शेंबूडच आहे तो, आणि त्या ड्रोनचं नावही स्नॉटबॉटच आहे 😄 आमच्याकडून तासाभरावर ग्लॉस्टर म्हणून जुनं मासेमारीचं बंदर आहे, तिथल्या ओशन अलायन्सचं हे काम. संस्था व्हेलचे अभ्यासक रॉजर पेन यांनी १९७१ मध्ये काढलेली, ड्रोनचं खूळ तिथल्याच इयान कर यांचं. फवारा म्हणजे नुसतं पाणी नसतं हो, फुप्फुसातून आलेला ओलावा, पेशी, जंतू सगळं असतं, त्यातून डीएनए मिळतो, हॉर्मोन तपासता येतात. आधी नमुना हवा तर बोट जवळ नेऊन क्रॉसबोने बाण मारून कातडीचा तुकडा काढायचा, त्यापेक्षा हे बरं ना? सिडनीजवळ २०१७ मध्ये हंपबॅक जातीच्या व्हेलचा फवारा पकडला तेव्हा तर डिशला झाकण बसवलं होतं, ऐन फवाऱ्यात रिमोटने उघडायचं की लगेच बंद, नाहीतर हवेतलाच कचरा लॅबमध्ये जायचा. त्यात आधी कुणाला माहीत नसलेले व्हायरस सापडले.
वासाचं मात्र विचारू नका. एकदा व्हेल बघायला गेलो होतो आणि वारा नेमका आमच्या बाजूला, सगळा फवारा अंगावर. ओली सुकट पिशवीत विसरली तर कशी घमघमते, तसं. जॅकेट दोनदा धुतलं.

बांधावरचा_सर्व्हेअर:
शेंबडाचं माईंनी सांगितलं, पण खरी गंमत साध्या फोटोत आहे, आणि तो आमचा धंदा (जमीन मोजतो, व्हेल नाही). बोटीतून तुम्हाला दिसते फक्त पाठ, कुणी जाड कुणी रोड काय कळणार? वरून बघितलं की अख्खं शरीर दिसतं, मग नाकापासून शेपटीपर्यंत लांबी घ्यायची आणि ठराविक अंतराअंतरावर रुंदी. चरबी उतरली की रुंदी कमी. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला राइट व्हेल या जातीच्या बाळंतिणींचे असे पुन्हा पुन्हा फोटो काढले तर तीन महिन्यांत आईच्या अंगाचा जवळपास चौथा हिस्सा उतरलेला आणि पिल्लू रोज ३ सेंटिमीटरच्या वर वाढतंय. ती तिकडे खात नाही काही, साठवलेल्यावरच दूध पाजते.
आता मेख. हे सगळं ड्रोनच्या उंचीवर अवलंबून. समजा ४० मीटरवर आहात आणि उंची २ मीटरने चुकली, म्हणजे ५ टक्के, तर १२ मीटरच्या व्हेलमध्ये ६० सेंटिमीटरचा घोळ, मग कोण बारीक नि कोण जाड सांगा बरं. ड्रोनचं आपलं उंचीचं मोजमाप हवेच्या दाबावर, ते सरकतं, शिवाय शून्य धरलंय बोटीवर आणि बोट पाण्याच्या वर. म्हणून खाली बघणारा लेझर लावतात. आम्ही शेतात चुन्याच्या खुणा मारतो, समुद्रात कुठे मारणार? मग माहीत असलेल्या लांबीची वस्तू, कधी बोटच, त्याच उंचीवरून फोटोत घेऊन हिशोब पडताळतात.
त्रासाचं म्हणाल तर पाण्याखाली माइक टाकून मोजलंय लोकांनी, छोट्या ड्रोनचा आवाज मीटरभर खालीच फारसा उरत नाही, बराचसा पृष्ठभागावरूनच परत फिरतो.

उगाच_शंका:
बरं, कळलं की बारीक झालाय. पुढे? सलाइन लावणार?

बॉस्टनची_माई:
@उगाच_शंका सलाइन नाही, पण बोटी लांब ठेवता येतात. सिअ‍ॅटलच्या बाजूला ओर्कांचा, म्हणजे किलर व्हेलचा, एक कळप आहे (हो हो, शास्त्राने ते डॉल्फिनच), ७०-७५ च उरलेत, चिनूक सामन नावाच्या माशावर जगतात आणि तो कमी झालाय. फार उपाशी राहिला की डोक्यामागची चरबी जाऊन डोकं भुईमुगाच्या शेंगेसारखं दिसतं, ते वरून लगेच कळतं. मेलेलं पिल्लू १७ दिवस डोक्यावर घेऊन फिरलेली ताहलेक्वा आठवते का, २०१८ ची? २०२० च्या जुलैमध्ये ड्रोनच्या फोटोंवरून कळलं की ती परत गाभण आहे, सप्टेंबरात पिल्लू झालंसुद्धा. २०२१ मध्ये तर फोटोंत माद्या गाभण दिसल्या म्हणून वॉशिंग्टन राज्याने व्हेल बघायच्या बोटींना अर्धा सागरी मैल लांब राहायला सांगितलं. पोटुशी बाईला गर्दीत धक्के नको, एवढंच ते.

देवगडचो_बाबल्या:
आमच्याकडे म्हातारे सांगत, देवमासो दिसलो काय हात जोडूचे नि होडी लांब काढूची. ड्रोनबिन नव्हते तेव्हाही नियम तोच 🙂 सिंधुदुर्गाच्या समुद्रात २०१५ मध्ये ब्लू व्हेल दिसलेले, पेपरात आलेलं. पण आपल्याला व्हेल दिसतो तो बहुतेक किनाऱ्याला लागल्यावरच. २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला पिल्लू लागलेलं, लोकांनी पाणी मारून मारून जगवलं, ओढून समुद्रात नेलं, तरी गेलंच बिचारं. त्याच्या आईची तब्येत काय होती कोणाक म्हाईत. चुलतभावाचा लग्नाच्या शूटिंगचा ड्रोन आहे, होडीवरून कधी दिसला व्हेल तर काढू काय फोटो?

बांधावरचा_सर्व्हेअर:
@बाबल्या नका काढू राव. व्हेल वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमधला प्राणी, वाघाच्या पंगतीला बसतो, वन खात्याला विचारल्याशिवाय त्याच्या मागे ड्रोन लावू नका. ती बाहेरची मंडळीसुद्धा परमिट काढूनच जातात. आणि एरवीही होडीवरून उडवलात तर रिटर्न टू होमचं बटण चुकूनही दाबू नका. ड्रोन जिथून उडाला तिथे परत येतो, होडी तोवर पुढे गेलेली असते, आणि तो शहाण्यासारखा पाण्यात उतरतो. म्हणून ते लोक हाताने सोडतात नि हातानेच पकडतात, ग्लोव्ह्ज घालून. माझा एक असाच तलावात गेलाय, तराफ्यावरून उडवला होता. हप्ते अजून चालू आहेत.

निवांत_पाटील:
बायकोला भुईमुगाच्या शेंगेचं सांगितलं. म्हणाली तुमचं डोकं वरून बघायला ड्रोन नको, गॅलरी पुरते.