ॲक्टिव्हावर नेता येईल असा हलका लॅपटॉप: टॅली, टोकन आणि नंबर पॅडसकट

चोपडेवाली

मंडळी, बडोद्याहून लिहितेय. माझं काम हिशेब लिहिण्याचं. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतले काही लहान कारखाने आणि रावपुऱ्यातली दोन-चार दुकानं, यांचे चोपडे मी सांभाळते. आता चोपडे म्हणजे टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर, पण शेठलोक अजून चोपडेच म्हणतात. दिवसभर ॲक्टिव्हावरून एका पार्टीकडून दुसरीकडे जायचं. तिथे बसायला टेबल मिळेलच असं नाही. कधी शेठच्या टेबलाचा कोपरा, कधी पॅकिंगमधली खोकी. लॅपटॉप उघडला की मागून कोणीतरी म्हणणारच, "बेन, आ जरा जोई आपो ने," म्हणजे हे जरा बघून द्या ना.

सध्याचा लॅपटॉप १५.६ इंची, डीव्हीडी ड्राइव्हवाला. शेवटची डीव्हीडी त्यात कधी घातली ते आठवत नाही, पण ड्राइव्ह मात्र रोज खांद्यावरून फिरतो. परवा एका कारखान्यात डिस्पॅचच्या डिजिटल काट्यावर सहज पिशवी ठेवली. ४ किलो १०० ग्रॅम! काट्यावरचा मुलगा म्हणाला, "चलन बनावू?" मग एकेक वस्तू काढून ठेवत गेले. लॅपटॉप २ किलो ३०० ग्रॅम, चार्जर वायरीसकट अर्ध्या किलोला थोडा कमी, आणि नुसती रिकामी पिशवी ९०० ग्रॅम. उरलेल्यात डबा, डायरी, माउस आणि चष्म्याचं घर. उजवा खांदा का धरतो, ते फिजिओथेरपिस्टला न विचारताच कळलं.

शिवाय हा सहाव्या पिढीचा प्रोसेसर, विंडोज ११ घेत नाही. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. लोकांचे बँकेचे आणि जीएसटीचे पासवर्ड ज्या मशीनवर टाकायचे, ते असं उघडं ठेवणं मनाला पटत नाही.

तर हवं ते असं. हलका पाहिजे. टॅली आणि मोठ्या एक्सेल शीट चालल्या पाहिजेत. डीएससीचं टोकन, म्हणजे डिजिटल सही असलेला यूएसबी, लागलं पाहिजे. माझ्या पार्ट्यांत दोन प्रायव्हेट लिमिटेड आहेत, त्यांचं रिटर्न ओटीपीवर भरता येत नाही. बॅटरी दुपारी तीनपर्यंत तरी टिकावी, कारण प्लगचा बोर्ड नेहमी शेठच्या खुर्चीच्या मागे असतो. बजेट साठ हजार, फार ताणलं तर सत्तर.

आणि खरी अडचण नंबर पॅडची. लहान लॅपटॉपवर तो नसतोच, असं दिसतंय. माझा उजवा हात न बघता आकडे टाकतो, वरच्या ओळीतले आकडे शोधत बसले तर २० तारखेला ३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, कसं भरायचं? पुण्याचा भाचा म्हणतो, "मावशी, डोळे मिटून मॅकबुक एअर घे." डोळे मिटायच्या आधी इथे विचारते.

---

सयाजीगंजकर

ताई, पिशवी वस्तूवार तोलून आलात, हे फार बरं केलंत. आमच्या दुकानात येणारा प्रत्येक जण "हलका दाखवा" म्हणतो आणि बॉक्सवरचा आकडा वाचतो. कंपनी सांगते ते नेट वजन, खांद्याला लागतं ते ग्रॉस. म्हणून आधी लॅपटॉप सोडून बाकीच्या गोष्टी बघा. जाड पिशवी काढून साधं स्लीव्ह घेतलं आणि ते रोजच्या झोल्यात टाकलं, तर तिथेच अर्धा किलो उतरतो. टाइप-सी वरून चार्ज होणारं मशीन घेतलं तर ६५ वॉटचा छोटा गॅन (नव्या जातीचा, आटोपशीर) चार्जर चालतो, तो शंभर-सव्वाशे ग्रॅमचा असतो. जुन्या चार्जरची वीट आणि तिची जाडजूड तीन पिनांची वायर घरीच राहू द्या. फक्त एक सांगतो: फोनचा फास्ट चार्जर लावून बघू नका. त्यातले बरेचसे आपापल्या फोनलाच पूर्ण वॉट देतात, लॅपटॉपला नाही.

आता मशीन. तुमच्या बजेटमध्ये १४ इंची, १.४ किलोच्या आसपासची बरीच मिळतात. त्याहून हलकं हवं असेल तर किंमत चढते. एलजी ग्राम १४ हा ९९९ ग्रॅमचा, एचपीचा एरो १३ पण किलोच्या आत. एरोला साधे, म्हणजे जुन्या पद्धतीचे चौकोनी यूएसबी दोन आहेत, आणि तुमच्या कामाला त्यांची किंमत वजनापेक्षा जास्त. टोकन त्यातच जातं. फक्त टाइप-सी असलेल्या मशीनला कनेक्टर लावावा लागतो. कनेक्टर वाईट नसतो, पण तो हमखास एखाद्या पार्टीच्या टेबलावर राहून जातो.

१३ की १४, तर तुम्हाला १४ म्हणेन. आणि स्क्रीन १६:१० ची घ्या, म्हणजे १९२० बाय १२००. जुन्या १०८० वाल्यापेक्षा उभी जागा नवव्या हिश्शाने जास्त मिळते, एक्सेलमध्ये तीन-चार ओळी अधिक दिसतात. लेजर वर-खाली करणाऱ्याला त्या तीन-चार ओळी कळतात. चकचकीत स्क्रीन घेऊ नका. कारखान्याच्या शटरकडे पाठ करून बसलात की त्यात तुम्हीच दिसाल.

रॅम १६ जीबी आत्ताच घ्या. हलक्या मशीनमध्ये ती बहुतेक बोर्डावरच सोल्डर केलेली असते, "नंतर वाढवू" म्हणता येत नाही. आणि वीस-पंचवीस हजारांत जे एक किलोचं गोंडस मशीन दाखवतात, त्यात स्टोरेज ६४ किंवा १२८ जीबीचं ईएमएमसी, म्हणजे एसएसडीपेक्षा हळू चालणारं, आहे का ते विचारा. असेल तर दुकानदाराला नमस्कार करून पुढे चला. विंडोजचे अपडेटच त्यातली निम्मी जागा खातील.

बॅटरीचं "१८ तास" वगैरे वाचू नका. वॉट-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते, ते विचारा. टॅली, ब्राउझर, मध्यम उजेड, असं काम सात-आठ वॉट खातं. ५६ वॉट-अवरची बॅटरी असेल तर भागाकार तुम्ही माझ्यापेक्षा लवकर कराल.

---

अलकापुरी_सीए

भाच्याचं ऐकू नका, म्हणजे निदान या कामासाठी तरी. मॅकबुक एअर हे सुंदर मशीन आहे, १.२४ किलो, आत पंखा नाही, त्यामुळे आवाजही नाही. पण टॅली त्यावर सरळ बसत नाही. एक तर क्लाउडवर टॅली भाड्याने घ्या, नाही तर मॅकच्या आत विंडोज चालवा. ते विंडोज एआरएम जातीचं, म्हणजे इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या जातीच्या प्रोसेसरसाठीचं असतं, आणि तिथे टोकनची गाडी अडते.

हेच स्नॅपड्रॅगनवाल्या विंडोज लॅपटॉपला लागू, तो प्रोसेसरही एआरएमच. दुकानात बॅटरीचं कौतुक करून तेच हातात देतील, आणि बॅटरी खरंच चांगली असते. साधे प्रोग्रॅम त्यावर रूपांतर होऊन चालतात, पण ड्रायव्हरचं, म्हणजे टोकन मशीनला ओळखायला लावणाऱ्या प्रोग्रॅमचं, रूपांतर होत नाही. ड्रायव्हर एआरएमसाठीच बनवलेला लागतो. टोकन ओळखलंच गेलं नाही, तर २० तारखेच्या रात्री त्या बॅटरीचा उपयोग काय? इंटेल किंवा एएमडी घ्या, विषय संपला.

बिल जीएसटी नंबरवर घ्या, भरलेल्या १८ टक्के कराचं क्रेडिट मिळेल. आणि घसारा घेत असाल तर ऑक्टोबर उजाडायच्या आत घ्या. कॉम्प्युटरला ४० टक्के आहे, पण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर निम्माच.

---

चोपडेवाली

सीएसाहेब, मी जीएसटीत नोंदलेलीच नाही, नोंदणीच्या वीस लाखांच्या उलाढालीच्या मर्यादेच्या पुष्कळ आत आहे. वर्षभर दुसऱ्यांचं क्रेडिट मिळवून देते, स्वतःच्या लॅपटॉपवर मात्र पूर्ण अठरा टक्के भरणार! असो. टोकनचं सांगितलंत ते बरं झालं, हे मला कोणत्याच व्हिडिओत सापडलं नव्हतं. ते सगळे गेम किती फ्रेमने चालतो तेवढंच सांगतात.

सयाजीगंजकर दादा, नंबर पॅडवर तुम्ही काहीच बोलला नाहीत. एका दुकानात मला टचपॅडमध्येच उजेडाचे आकडे दिसणारं मॉडेल दाखवलं. कोपऱ्यात बोट धरलं की टचपॅडवर नंबर पॅड उगवतो. दिसायला मजा आहे, पण बोटाला काही लागतच नाही हो. पाचच्या बटणावर जो बारीक उंचवटा असतो, त्यावर तर माझा सगळा हात चालतो. त्या काचेवर मी पंचेचाळीस हजारांचे चारशे पन्नास करून ठेवले, आणि सेल्समन म्हणे, "सवय होईल." मला सवय होईल, पण शेठच्या बँक रिकन्सिलिएशनला, म्हणजे चोपडा आणि बँकेचं स्टेटमेंट जुळवण्याला, होणार नाही.

---

फतेगंज_मास्तर

ताई, लॅपटॉपच कशाला? कीबोर्डचं कव्हर लावलेला टॅब्लेट घ्या. मी विद्यापीठात असताना तेच वापरत होतो, सगळं मिळून किलोच्या आत, आणि वाचायला तर फारच छान.

---

चोपडेवाली

मास्तर, वाचायला छान असेल. पण त्याला मागून टेकू लावून उभं करावं लागतं आणि टेकूला पुढे-मागे सपाट जागा लागते. माझं निम्मं काम मांडीवर होतं. एकदा पुतणीचा घेऊन बसले होते, सहीसाठी पुढे वाकले आणि तो चहाच्या ट्रेवर आडवा झाला. शिवाय अँड्रॉइडवर टॅली नाही.

---

इंदूरचा_अण्णा

इंदूरहून रामराम. आमच्याकडे सिल्व्हर मॉलला जाऊन आलो की डोकं फिरतं, एवढी दुकानं, म्हणून तुमचा प्रश्न जवळचा वाटला.

सत्तर हजार खर्चायचे नसतील तर कंपन्यांमधून उतरलेला बिझनेस लॅपटॉप बघा. थिंकपॅड एक्स१ कार्बनची सहावी आवृत्ती, २०१८ ची. १४ इंच, वजन साधारण १.१३ किलो, साधे यूएसबी दोन, वर टाइप-सी दोन, आणि त्यावरूनच चार्जिंग. नव्या लॅपटॉपच्या निम्म्याहून कमी पैशांत मिळतो. कीबोर्ड तर असा की तुमच्यासारख्या टाइप करणाऱ्याला घरी आल्यासारखं वाटेल.

पण दुकानदार प्रोसेसरच्या पिढीत घोळ करतात. आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल असेल तरच विंडोज ११ अधिकृत बसतं. थिंकपॅड एक्स२७० सारखी सहाव्या-सातव्या पिढीची मशीनं स्वस्तात गळ्यात मारतात, वर "इलेव्हन टाकून दिलंय" असंही म्हणतात. टाकलेलं असतं, आडमार्गाने. या कार्बनच्या प्रोसेसरच्या नावात आय५ नंतरचा आकडा ८ पासून सुरू होतोय का, एवढं बघा. ८२५०, ८३५० असे.

दुसरं म्हणजे बॅटरी. कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत पॉवरसीएफजी, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि बॅटरीरिपोर्ट असं टाइप करायला सांगा. एक फाइल तयार होते. त्यात बॅटरी नवी असताना किती होती आणि आता पूर्ण भरल्यावर किती भरते, दोन्ही आकडे असतात. ५७ ची बॅटरी ३५ वर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून कापून घ्या. मी नेहमी ही फाइल बघूनच भावाला बसतो. दुकानदाराचा चेहरा उतरतो, पण भावही उतरतो.

---

सयाजीगंजकर

अण्णांचं पटलं. मी नव्याचं बोललो कारण ताईंचं काम तारखेचं आहे आणि नव्याला वॉरंटी असते. जुनं घेतलं तर रोजचा बॅकअप मात्र कटाक्षाने ठेवा.

नंबर पॅडचं राहिलं होतं. वेगळा यूएसबी नंबर पॅड मिळतो, तळहाताएवढा, शंभर ग्रॅमच्या आसपास, काही शे रुपयांत. वायरवालाच घ्या. वायरलेसचा सेल नेमका तारखेला संपतो. पण हिशेब नीट करा: टोकन, नंबर पॅड आणि माउस, म्हणजे तीन साधे यूएसबी लागले. मशीनला दोनच असणार. माउस ब्लूटूथचा घ्या, टोकन आणि पॅड थेट मशीनला. टोकन हबमधून (एका यूएसबीचे अनेक करणाऱ्या डबीतून) लावलं की कधी कधी ओळखलं जात नाही, म्हणून ते सरळच.

पॅड वेगळा असल्याचा एक फायदा आहे, तो वापरल्यावर कळतो. १५.६ इंचीवर नंबर पॅडमुळे बाकीचा कीबोर्ड डावीकडे सरकलेला असतो आणि आपण नेहमी जरा वाकडे बसतो. वेगळा पॅड खांद्याला सोयीचा पडेल तिथे ठेवा. डावीकडेसुद्धा.

---

चोपडेवाली

डावीकडे नंबर पॅड! आईंना सांगितलं तर त्या म्हणतील, आता हिशेब पण डाव्या हाताने. पण करून बघणार.

मी असं ठरवतेय. आधी अण्णांचा एक्स१ कार्बन बघते, बॅटरीची फाइल काढून. मनासारखा मिळाला तर उरलेल्या पैशांतून घरच्या टेबलासाठी २४ इंची मॉनिटर, म्हणजे रात्रीचं काम मोठ्या स्क्रीनवर होईल. नाही मिळाला तर नवा १४ इंची, इंटेल किंवा एएमडी, १६ जीबी, साधे यूएसबी दोन. किलोच्या आतला पाहिजे हा हट्ट सोडला. पिशवी आणि चार्जर बदलूनच जवळपास पाऊण किलो जातोय, तर वरच्या तीन-चारशे ग्रॅमसाठी वीस हजार जास्त का द्यायचे?

दादा, शनिवारी दुपारी येते, टोकन आणि एक जड एक्सेल शीट घेऊन. दुकानात लावून बघू द्याल ना?

---

सयाजीगंजकर

या की. सातपर्यंत उघडं आहे. ड्रायव्हर टाकायला पाच मिनिटं लागतात. फक्त टोकनचा पासवर्ड नीट आठवून या. तो ठरावीक वेळा चुकला की टोकन लॉक होतं, आणि मग माझ्या हातात काही नाही, ज्याने टोकन दिलं त्याच्याकडेच जावं लागेल.