दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांसाठी शिक्षा वाढवून मागायची की दुसरं काही?

खंबाटकी:
जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला आमच्या भागातली काही मंडळं मिळून निवेदन देणार आहेत. मसुद्यात सध्या तीन मागण्या आहेत: पहिल्याच गुन्ह्याला सक्तीची कैद, एक लाख दंड, आणि गाडी कायमची जप्त. सह्या धडाधड पडताहेत. पण त्याच मंडळींच्या ग्रुपवर शनिवारी रात्री ‘आज नाकाबंदी कुठे आहे’ याचेही मेसेज फिरतात. अपघातात कुणी गेलं की फाशी द्या म्हणायचं, आणि घरच्या लग्नात ‘दोन बिअरने काय होतंय’ म्हणून किल्ली हातात द्यायची, असा प्रकार.

जाणकारांनी सांगावं: आज कायद्यात नेमकं काय आहे, केस कुठे ढिली पडते, आणि समितीच्या आवाक्यातलं काय मागता येईल? कायदा बदलणं समितीच्या हातात नाही एवढं कळतं.

कागदपत्र:
मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५. मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिग्रॅ. अल्कोहोल. पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुढच्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० किंवा दोन्ही. २०१९च्या दुरुस्तीआधी पहिला दंड जास्तीत जास्त २,००० होता. म्हणजे दंड पाचपट करून झालाय, नाकाबंदीतले आकडे काही पाचपटीने घटले नाहीत.

हा गुन्हा कलम २००च्या तडजोडीच्या यादीत नाही, त्यामुळे ई-चलान भरून तो मिटत नाही, कोर्टात उभं राहावंच लागतं. जागेवर पैसे घेऊन सोडलं तर ती सरळ लाच आहे. कोर्टात बहुतेक जण गुन्हा कबूल करतात, दंड भरतात, उठतात. कैद क्वचित.

लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट लायसन्सची. कलम २०प्रमाणे १८५खाली दोषी ठरल्यावर कोर्टाने किमान ६ महिन्यांसाठी लायसन्स अपात्र ठरवायचं असतं. त्याशिवाय कलम २०६(४)प्रमाणे पोलिसांनी लायसन्स ताब्यात घेऊन आरटीओकडे पाठवायचं. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच राज्यांना सांगितलं होतं की यात किमान ३ महिने निलंबन करा आणि पहिल्या गुन्ह्यालाही कैदेची मागणी करा. प्रत्यक्षात चौकीत लायसन्स ‘घरी राहिलं’ म्हणून सांगितलं जातं, केस पेपरवर नंबर येत नाही, आरटीओला प्रस्ताव जात नाही, आणि ‘सारथी’वर (लायसन्सच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत) काहीच चढत नाही. मग पुढच्या वेळी दुसऱ्या जिल्ह्यात पकडला तरी तो ‘पहिलाच गुन्हा’. दोन वर्षांच्या कैदेची तरतूद त्यामुळे वापरायचीच वेळ येत नाही.

माणूस मेला तर वेगळं. आता भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(१), ५ वर्षांपर्यंत. गाडी चालवणाऱ्याला परिणामांची जाणीव होती असं ठरलं तर कलम १०५, सदोष मनुष्यवध, त्याच्या दुसऱ्या भागात १० वर्षांपर्यंत. वांद्र्याच्या कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६ला रस्त्याकडेला झोपलेले ७ मजूर गेले, त्या खटल्यात सत्र न्यायालयाने ६ महिने दिले होते. हायकोर्टाने सदोष मनुष्यवध धरून ३ वर्षं केली आणि सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये ती कायम ठेवली. तिथे रक्तात ११२ मिग्रॅ. सापडलं होतं. तो आकडा कागदावर असणं किती महत्त्वाचं, हे बाकीच्या खटल्यांकडे पाहिलं की कळतं. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात १९७१ साली सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की तोंडाला वास, झोकांड्या, अडखळतं बोलणं एवढ्यावरून नशेचा निष्कर्ष पक्का होत नाही.

राखाडी_टोपण:
आकडा कागदावर कसा येतो आणि कसा जातो, ते सांगतो.

आधी किती प्यायल्यावर किती. ७० किलोचा पुरुष, ४२.८ टक्क्यांची व्हिस्की, पोट रिकामं. ६० मिलीच्या लार्ज पेगमध्ये साधारण २० ग्रॅम अल्कोहोल, रक्तात ४०च्या थोडं वर. एका पेगात मर्यादा ओलांडली. ६५० मिलीची ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर ८५च्या आसपास. क्वार्टर (१८० मिली व्हिस्की) सव्वाशेच्या पुढे. तेवढ्याच वजनाच्या बाईला याहून जास्त चढतं, कारण शरीरातलं पाणी कमी. जेवण झालं असेल तर शिखर थोडं खाली येतं, पण ‘चखणा भरपूर खाल्ला’ म्हणून कुणी मर्यादेत बसत नाही.

उतरायचा वेग तासाला साधारण १५ मिग्रॅ., माणसामाणसात १० ते २०. कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची आंघोळ, कशानेही तो वाढत नाही.

आता यंत्र. ब्रेथ अ‍ॅनलायझर श्वास मोजतं आणि २१०० : १ या गुणोत्तराने रक्ताचा आकडा काढतं. काही यंत्रं थेट श्वासाचा आकडा दाखवतात: रक्तातले ३० म्हणजे श्वासाच्या एका लिटरमागे ०.१४ मिग्रॅ. एकक न लिहिता नुसता आकडा लिहिला की बचावाच्या वकिलाचं काम झालं. घोट घेऊन पाच मिनिटंही झाली नसतील तर तोंडातलीच दारू मोजली जाते आणि आकडा उगाच फुगतो. म्हणून १५-२० मिनिटं थांबून दुसरी फुंकर घ्यायची. प्रत्येकाला नवी नळी. यंत्राचं कॅलिब्रेशन (आकडा बरोबर दाखवतं का याची तपासणी) वेळेवर झाल्याचं प्रमाणपत्र केससोबत लागतं, आणि नेमकं तेच जोडलेलं नसतं.

रक्ताचे नियम राज्यात १९५९पासून लेखी आहेत, दारूबंदी कायद्याखालचे. किमान ५ मिली शिरेतलं रक्त, कातडी स्पिरिटने पुसायची नाही, निर्जंतुक पाण्याने पुसायची. बाटलीत रक्त न गोठण्याचं आणि टिकण्याचं औषध (सोडियम फ्लोराइड, पोटॅशियम ऑक्झलेट), बाटली हलवून मिसळायची, सील करायची, ७ दिवसांत प्रयोगशाळेकडे. रात्रपाळीतली चूक ठरलेली: सवयीने स्पिरिटचा बोळा, किंवा फ्लोराइड नसलेली साधी बाटली. फ्लोराइड नसेल तर जंतू साखर आंबवून बाटलीतच अल्कोहोल तयार करू शकतात. असा रिपोर्ट उलटतपासणीत टिकत नाही.

आणि वेळ. १८५खाली अटक केली तर २ तासांत तपासणी व्हावी लागते (कलम २०२), नाहीतर सोडून द्यावं लागतं. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४च्या पहाटे झालेल्या अपघातात नमुना कित्येक तासांनी घेतला गेला, आणि तोही बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. दुसऱ्या रुग्णालयात घेतलेल्या नमुन्याशी डीएनए जुळवला म्हणून ते बाहेर आलं. नमुना बदलला नसता तरी आठ तासांत शंभराच्या वर आकडा धुऊन गेलेला असतो.

खंबाटकी:
म्हणजे रात्री एकला क्वार्टर संपवणारा सकाळी सातला ‘झोप झाली’ म्हणून मुलांना शाळेत सोडायला निघाला तर?

राखाडी_टोपण:
सहा तासांत ९० वजा. सव्वाशेतून ३५ उरले. केस होते. सकाळी फुंकायला लावत नाहीत म्हणून कळत नाही, एवढंच.

स्टेपनी:
सरसकट कैद आणि गाडी जप्त याला माझा विरोध. ट्रक मालकाचा असतो, आत जातो तो ड्रायव्हर. मालवाहतुकीत गेटवर फुंकून घेतल्याशिवाय किल्ली न देणं जमतं, काही कंपन्या करतातही. यंत्र, नोंदवही आणि बदली ड्रायव्हर एवढंच लागतं. बदली ड्रायव्हर नसेल तर सुपरवायझर डोळेझाक करतो, तिथे सगळं बोंबलतं. पिलेल्याला गाडी देणाऱ्यावर कलम १८८ आहे, चिथावणी किंवा साहाय्य केल्याचं. ते लावल्याचं ऐकायला येत नाही. निवेदनात मालकाचं नाव आलंच पाहिजे.

हायवेवरच्या दारूच्या दुकानांबद्दलही अपेक्षा ठेवू नका. डिसेंबर २०१६ला हायवेपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको असा सुप्रीम कोर्टाचा आदेश आला, जुलै २०१७ला शहरी हद्दीतून सूट मिळाली.

रेडिंगहून:
तुलनेसाठी इंग्लंडचं सांगते. इथली मर्यादा रक्तात ८०, म्हणजे कागदावर भारत कितीतरी कडक. जास्तीत जास्त कैद इथेही ६ महिनेच. फरक लायसन्समध्ये आहे. दोषी ठरलात की किमान १२ महिने बंदी, न्यायाधीशाच्या मूडवर नाही. दहा वर्षांत दुसऱ्यांदा सापडलात तर किमान ३ वर्षं. रस्त्यावरची फुंकर ही फक्त चाळणी, खरा पुरावा पोलीस ठाण्यातल्या मोठ्या यंत्राचा: दोनदा फुंकायचं आणि कमी आलेला आकडा धरायचा. त्यामुळे यंत्रावर वाद कमी होतो.

सगळ्यात उपयोगी तरतूद नकाराची. ठाण्यात फुंकायला नकार दिला तर बंदी तेवढीच. भारतात कलम २०५खाली नकार फक्त विरोधात धरता येतो, म्हणून पळून जाणं किंवा वेळ काढणं परवडतं. इथे इंग्लंडमध्ये कोर्टाने देऊ केलेला वर्ग पूर्ण केला तर बंदी पाव हिश्शापर्यंत कमी होते, पण अडीचपट मर्यादेवर सापडलेल्याला डॉक्टरी तपासणीशिवाय लायसन्स परत मिळत नाही. व्यसनी माणसाला दंडाने फरक पडत नाही, हे इथे गृहीत धरलंय.

कागदपत्र:
वरचं सगळं धरून मसुदा असा करा. एक, १८५च्या प्रत्येक केसचा लायसन्स नंबर ‘सारथी’वरून तिथेच शोधून आरटीओकडे प्रस्ताव ७ दिवसांत, आणि किती केस, किती प्रस्ताव, किती निलंबनं हे तीन आकडे समितीच्या प्रत्येक बैठकीत. हे आकडे एकमेकांशेजारी ठेवायला लागले की गळती कुठे आहे ते आपोआप दिसतं. दोन, सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात राखाडी टोपणाच्या (फ्लोराइडवाल्या) बाटल्या, सील आणि स्पिरिटविरहित बोळे असलेलं तयार किट. मृत्यू झालेल्या अपघातात तासाभराच्या अंतराने दुसरा नमुना. तीन, प्रत्येक यंत्राच्या कॅलिब्रेशनची तारीख पावतीवर छापलेली. चार, नाकाबंदी फक्त थर्टी फर्स्ट आणि धुळवडीला नको. आठवड्यात दोन, वार आणि जागा बदलून, त्यातली एक सकाळी सहा ते आठ. पाच, स्टेपनी म्हणतात तसं व्यावसायिक वाहन असेल तर मालकाचा जबाब सक्तीने.

नकाराला स्वतंत्र शिक्षा हवी असेल तर ती संसदेची बाब, आमदार-खासदारांना वेगळं पत्र द्या. एक लाखाचा दंडही त्याच पत्रात हलवा. समितीच्या निवेदनात तो ठेवलात तर ‘धोरणात्मक बाब’ असा शेरा मारून अख्खी फाईल मुंबईला जाईल आणि किटची मागणीही तिच्यासोबत.

खंबाटकी:
सकाळच्या नाकाबंदीवर निम्म्या सह्या मागे जातील असं दिसतंय. तरी तो मुद्दा ठेवतो.